वाळूतली तीस पावलं: अपंग पोहणाऱ्याला समुद्रात नेताना

समुद्रात असताना मला कधी भीती वाटली नाही. वाटली ती समुद्रातून बाहेर येताना, तीही गुडघाभर पाण्यात.

मी दीड वर्षाची असताना उजव्या पायाला पोलिओ झाला. गडहिंग्लजजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत वडिलांनी पाठीला डबा बांधून मला पोहायला शिकवलं. विहिरीला दगडी पायऱ्या होत्या, मी बसत बसत उतरायची आणि बसत बसतच वर यायची. पुढे मास्तरकीची नोकरी मालवणात लागली. पहिल्या हिवाळ्यात चिवला किनाऱ्यावर गेले, अर्धा तास मजेत पोहले आणि गुडघाभर पाण्यात कुबडी रोवून उभी राहायला गेले. कुबडी वाळूत रुतली, मागून लाट आली. मी एकीकडे, कुबडी दुसरीकडे, तोंडात वाळू. नवरा काठावर माझा कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, हातात धरून उभा, हसावं की धावावं ते त्याला कळेना. वाहून गेलेली कुबडी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांपैकी एकानं आणून दिली आणि म्हणाला, "बाई, पाण्यात बरा पोवतास, भायर येवक शिका."

त्याचं म्हणणं खरं होतं. आज चौदा वर्षं मी कुणाकुणाला घेऊन चिवल्यावर उतरते. एक पाय नसलेले, व्हीलचेअरवरचे, अंध, कर्णबधिर, स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं. प्रत्येक वेळी अडचण येते ती पाण्यात नाही, डांबरी रस्ता संपतो तिथपासून कमरेइतक्या पाण्यापर्यंतच्या पट्ट्यात येते. आमच्याकडे भरतीच्या वेळी तो पट्टा साधारण तीस पावलांचा भरतो. या लिखाणातला मोठा भाग त्या तीस पावलांवरच खर्च होणार आहे.

सरकारी कागदावर मी दिव्यांग आहे. बोलताना मी अपंगच म्हणते, तेव्हा इथेही तोच शब्द येईल.

"जमेल का?" हा प्रश्न

फोन करणारे पालक हाच प्रश्न विचारतात. मी त्यांना नावं सांगते. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. पोलिओ झालेले राजाराम घाग १९८८मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेले. त्याआधी मुंबईच्याच तारानाथ शेणॉयांनी ती पार केली होती, ऐकू येत नसताना. मुंबईची जिया राय स्वमग्न आहे. २०२२मध्ये ती श्रीलंकेतल्या तलाईमन्नारहून धनुष्कोडीपर्यंत तेरा तासांहून जास्त पोहली, आणि २०२४मध्ये तिनंही इंग्लिश खाडी पार केली.

पण ही नावं सांगून झाली की लगेच म्हणते, तुमच्या मुलाला खाडी पार करायची नाहीये. त्याला वीस मिनिटं खाऱ्या पाण्यात पाठीवर पडून आभाळ बघायचं असेल, तर तेही पोहणंच. दरवर्षी डिसेंबरात चिवल्यावर राज्यस्तरीय समुद्री जलतरण स्पर्धा होते, तिच्यात अपंगांचा गट असतो. ज्याला चुरस हवी त्यानं तिथे जावं. बाकीच्यांनी शांतपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी यावं.

समुद्राआधी तलाव मात्र हवाच. माझी अट अशी: तलावात न थांबता पाचशे मीटर, कुठल्याही पद्धतीनं, आणि त्यानंतर दहा मिनिटं काठाला हात न लावता तरंगत राहणं. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची. समुद्रात दमलेल्या माणसाला धरायला काठ नसतो, त्याला पाठीवर वळून पडून राहता आलं पाहिजे. एक हात नसेल, कमरेखाली ताकद नसेल, तर पोटावरून पाठीवर वळणं हेच वेगळं शिकावं लागतं. मान आणि खांदा आधी वळवायचा, कंबर मागून आपोआप येते. हे तलावात शंभरदा करून घ्या. नुसतं तरंगायला येणार असाल तर पाचशे मीटर माफ, तरंगणं माफ नाही. तेही जमत नसेल तर तोंड वर ठेवणारं लाइफ जॅकेट, आणि अखेरपर्यंत एक माणूस अंगाला लागून.

दिवस कसा निवडायचा

पावसाळ्यात नाही, हे सांगायला नको. बाकी महिन्यांत दोन गोष्टी बघायच्या: वारा आणि पाणी.

सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो तेव्हा समुद्र तव्यासारखा सपाट असतो. दुपारी खारा वारा सुटला की त्याच जागी लाटा उठतात. म्हणून आम्ही सकाळी सातला पाण्याजवळ असतो आणि दहाच्या आत घरी. मतलई वाऱ्याची एक गोम आहे. तो किनाऱ्याकडून समुद्रात ढकलतो. फुगवलेली ट्यूब, रबरी गादी, असलं हलकं काही घेऊन तरंगणाऱ्याला तो न कळत खोल पाण्यात नेतो. ट्रॅक्टरची ट्यूब म्हणून माझ्याकडे बंद. तलावात हवी तितकी वापरा.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक असते: तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. हा हिशेब मुंबईचा. मालवणला पाणी थोडं आधीच भरतं. अंदाजाला हे चालतं, पण नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच. आम्हाला पाणी भरत आलेलं, पण अजून पूर्ण भरलेलं नसावं असं हवं असतं, कारण तेव्हा वाळू कमी तुडवावी लागते आणि पाणी माणसाला किनाऱ्याकडे आणतं. सकाळच्या वेळी हे एकादशी-द्वादशीच्या सुमाराला जमतं. त्यामुळे मला दर खेपेस एक वेगळीच चौकशी करावी लागते, "आज कोणाचा उपास आहे?" साबुदाण्याच्या चार घासांवर समुद्रात उतरणाऱ्याला मी काठावर बसवते. राग येतो लोकांना, येऊ दे.

पुनव-अवसेच्या उधाणाला नवख्याला नेऊ नका. मालवणला पाणी मुंबईइतकं वर-खाली होत नाही, तरी ओढ जाणवते.

आणि जागा बघायची ती ओहोटीला. आदल्या दिवशी सुकतीच्या वेळी तिथे चालून या, किंवा ज्याला चालता येतं त्याला पाठवा. भरतीला जे सपाट पाणी दिसतं त्याच्या खाली कुठे खडक आहेत, खडकांवर कालवं कुठे आहेत, खड्डा कुठे आहे, हे तेव्हाच कळतं. कालवांची कड ब्लेडसारखी असते. चिवल्याच्या दोन्ही अंगांना खडक आहेत, आम्ही मधला पट्टा धरतो.

शेवटचा शब्द होडीवाल्या काकांचा. एकदा पुण्याहून सात जण आले होते, पहाटेपासून सगळी तयारी झाली होती. काकांनी पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, आज नको. वारो फिरलो हा. उद्या येवा." मला तर काहीच दिसत नव्हतं. आम्ही घावणे खाऊन परतलो. नऊ वाजता समुद्राला जे पांढरं आलं ते बघून सातही जण गप्प झाले.

तीस पावलं

आता मुद्द्याचं.

कोरडी वाळू व्हीलचेअरची शत्रू. पुढची छोटी चाकं रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. परदेशात फुगीर चाकांच्या खास खुर्च्या मिळतात. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२मध्ये व्हीलचेअरसाठी लाकडी वाट बांधली. आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे आहेत प्लायवूडच्या तीन फळ्या, चार बाय आठ फुटांच्या, कडांना दोरीच्या मुठी लावलेल्या. दोन फळ्या पुढेमागे टाकायच्या, खुर्ची दुसरीवर गेली की मागची उचलून पुढे आणायची. तिसरी राखीव. फळी ओली झाली की घसरते, म्हणून वर काथ्याच्या पायपुसण्यांच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत, खिळ्यांची डोकी आत ठोकून. फळ्या नसतील तर खुर्ची उलटी फिरवा, छोटी चाकं उचलून मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्या, ढकलू नका.

ओल्या वाळूवर खुर्ची थांबते, कारण खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की ती खुर्ची गेली. तिथून पुढे झोळी. आमची झोळी म्हणजे जाड ताडपत्रीच्या कापडाचा तुकडा, दोन्ही बाजूंना तीन-तीन मुठी. चार जणांनी उचलायचं, मोठ्यानं मोजून: एक, दोन, तीन, वर. कोणाला कुठे धरायचं हे झोळीतल्या माणसाला विचारायचं, एकमेकांना नाही. मी पाहिलंय, चार धट्टेकट्टे गडी भोवती उभे राहून "ह्यांना खांद्यात धरू की काखेत?" अशी चर्चा करतात आणि "हे" मध्ये बसून आभाळाकडे बघत असतात. काखेत धरून कधीच उचलू नका. ज्यांचे खांदे लुळे किंवा ताठर आहेत त्यांचा सांधा निखळू शकतो.

कुबडीवाल्यांसाठी: कुबडीचं रबर वाळूत रुततं. रबराखाली जुन्या टायरची रुंद चकती बसवून घ्या, उंटाच्या पावलासारखी. पंक्चरवाला दहा मिनिटांत करून देतो. घोटाभर पाण्यात कुबडीचा उपयोग संपतो. तिथे मदतनिसाच्या हातात द्यायची आणि बसायचं. हो, बसायचं. उभं राहून समुद्रात शिरायचा हट्ट सोडला तेव्हा माझं पडणं थांबलं. बसून, हातांवर भार देऊन, पाण्यात सरकत जायचं. मांडीच्या वर पाणी आलं की अंग हलकं होतं आणि पुढचं सगळं समुद्र करतो.

वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, लपलेली असते. चालणाऱ्यांनी पाय उचलून न टाकता घासत न्यावेत, म्हणजे ती आधीच पळते. सरकत जाणाऱ्यानं कुबडी किंवा काठी पुढे आपटत जावं.

बाहेर येणं याच्या नेमकं उलट, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, कारण सगळ्यांचं लक्ष पाण्यात शिरण्यावर असतं आणि येताना मदतनीसही दमलेले असतात. कमरेइतक्या पाण्यात आलात की थांबा. तोंड समुद्राकडे, पाठ किनाऱ्याकडे. येणारी लाट दिसली पाहिजे. लाट आली की तिच्याबरोबर मागे सरका, ती परतताना हात वाळूत रोवून बसा. पुढची लाट, पुन्हा मागे. पाच-सहा लाटांत तुम्ही ओल्या वाळूवर येता. मदतनीस तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये नको, बाजूला हवा. नाहीतर तुम्ही लाटेसकट त्याच्या गुडघ्यांवर जाता आणि दोघं पडता.

एकाला तीन

माझा हिशेब ठरलेला आहे. एका पोहणाऱ्यामागे तीन माणसं: एक बरोबर पोहणारा, एक होडीत किंवा कयाकमध्ये, एक काठावर. काठावरच्याच्या हातात घड्याळ, शिट्टी, फोन आणि दुसरं कुठलंही काम नाही. फोटो काढणं हे काम आहे, त्यामुळे तेही नाही. प्रत्येकाच्या कमरेला भगव्या रंगाचा फुगीर बोया. तो धरून दम खाता येतो, आणि लांबून डोकं दिसत नाही तेव्हा बोया दिसतो.

उतरण्याआधी खुणा ठरवा आणि कोरड्या वाळूवर दोनदा करून बघा. आमच्या चारच आहेत. मूठ डोक्याला टेकवणं म्हणजे ठीक. हात सरळ वर म्हणजे या. बोया दोन हातांनी छातीशी धरणं म्हणजे थांबतोय, घाबरू नका. पाण्यावर थापट्या म्हणजे परत. ज्याला हात वर करता येत नाही त्याची खूण त्यानंच ठरवावी. आमच्यातला एक जण, दोन्ही हात कोपरापासून नाहीत, तो पाठीवर वळून दोन्ही पायांनी पाणी उडवतो. अर्ध्या मैलावरून दिसतं.

ज्याची त्याची गोष्ट

कंबरेखाली संवेदना नसलेल्यांबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण त्यांच्या बाबतीत चूक लगेच कळत नाही. पाठीच्या कण्याला मार बसलेला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आला होता. उत्तम पोहला, हसत बाहेर आला, आम्ही चहा प्यायलो. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन, मोजा काढला तर आतून रक्तानं भरलेला. पाण्यातून बाहेर येताना टाच खडकाच्या एका कोपऱ्यावर घासली होती. त्याला कळलं नाही, मला दिसलं नाही. जखम भरायला अडीच महिने गेले आणि तेवढे दिवस त्याला पाण्याबाहेर राहावं लागलं. तेव्हापासून नियम: जाड मोजे आणि वर पाण्यातले बूट, मांड्यांवर घट्ट लांब पँट, आणि बाहेर आल्यावर पाच मिनिटांत पूर्ण अंग तपासणं. टाचा, घोटे, नितंब, बोटांच्या मधल्या जागा. आरसा जवळ ठेवा, ज्याचं अंग त्यानंच बघावं. आधीची उघडी जखम असेल तर पाणी नाही.

दुसरं, मूत्राशय. उतरण्याआधी रिकामं करायचं, पिशवी असेल तर तीही. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात कण्याला इजा असलेल्यांचा रक्तदाब भरलेल्या मूत्राशयानं किंवा नुसत्या चिमटा बसवणाऱ्या पट्ट्यानंही एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. असं दिसलं की ताबडतोब बाहेर काढा, बसतं करा, आडवं नाही, घट्ट काही असेल तर सोडवा आणि दवाखाना गाठा. अशा माणसानं समुद्राचा विचार करायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी हेच बोलून घ्यावं. त्यांचं शरीर ऊन-थंडीही नीट सांभाळत नाही. आपल्याकडचं पाणी गार नसतं, तरी ओल्या अंगानं वाऱ्यात बसलं की थंडी भरते, आणि काठावर उन्हात ठेवलं की घाम न येता अंग तापतं. सावली आणि कोरडा टॉवेल, दोन्ही तयार हवेत.

अंध पोहणाऱ्यांबरोबर मी सुरुवातीला मोठी चूक केली. दोघांच्या कमरांना दोरी बांधली, चांगली गाठ मारून. लाटेत ती दोरी माझ्याच लंगड्या पायाला गुंडाळली गेली, आणि गाठ सुटेना. वाचलो, कारण पाणी छातीइतकंच होतं. आता आम्ही हातभर लांबीचा इलॅस्टिकचा पट्टा वापरतो, दोन्ही टोकांना वेल्क्रो. जोरात हिसका दिला की सुटलाच पाहिजे, हे दर वेळी काठावर ओढून बघायचं. वाट दाखवणारा शेजारी पोहतो, खांद्याला खांदा. पुढे जाऊन ओढत नाही. आणि तो पोहण्यात त्यापेक्षा जलद हवा, नाहीतर अंध माणूस डोळसाला ओढत नेतो, हेही झालंय. लाटांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून स्पर्शाच्या खुणा: खांद्यावर एक टिचकी म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, पाठीवर तळहात म्हणजे थांब. पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्याचं वर्णन करून सांगा. वारा कुठल्या गालाला लागतोय, ऊन कुठून येतंय. नागपूरहून आलेल्या एका अंध बाईंनी मला सांगितलं की मला दिशा उन्हानं कळते, तुम्ही फक्त खडक सांभाळा.

कर्णबधिरांचं श्रवणयंत्र काठावर राहतं आणि मग होडीचं इंजिनही ऐकू येत नाही. सोबती नेहमी त्याच बाजूला हवा ज्या बाजूला तो श्वास घेतो. लांबून बोलवायला शिट्टीऐवजी झेंडा. खूण भाषा येणारा कुणी नसेल तरी वरच्या चार खुणा पुरतात.

एक पाय नसेल तर शरीर एका बाजूला कलंडतं. तलावात ते सवयीचं झालेलं असतं, पण लाटेत पुन्हा जमवावं लागतं. कृत्रिम पाय काढला की तो कोणाकडे, हे आधी ठरवा. वाळूत ठेवायचा नाही, गुडघ्याच्या सांध्यात एक कण गेला तरी कुरकुरतो. आम्ही तो मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठावरच्या माणसाच्या मांडीवर देतो. एकदा कुत्र्यानं पळवला होता.

स्वमग्न मुलांसाठी आदल्या दिवशी नुसतंच किनाऱ्यावर यायचं. बघायचं, वास घ्यायचा, परत जायचं. दुसऱ्या दिवशी पायच भिजवायचे. काय-काय होणार त्याची चार चित्रं काढून दाखवा, आणि शेवटचं चित्र "संपलं, घरी" असं हवं. काही मुलांना पाणी इतकं आवडतं की थांबायचंच नसतं, ती सरळ आत निघतात. अशा मुलाबरोबर त्याच्यापेक्षा जलद पोहणारा माणूस, आणि तो त्याच्या पलीकडे, खोल पाण्याच्या बाजूला.

फिटचा आजार असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय मी नेत नाही, आणि मग हात पुरेल इतक्या अंतरावर सोबती सतत. पाण्यात फिट आलीच तर तोंड पाण्यावर धरून ठेवायचं, झटके दाबायचे नाहीत, ओसरल्यावर बाहेर आणायचं. नंतर तो कितीही ठीक दिसला तरी दवाखान्यात न्यायचंच, पाणी फुप्फुसात गेलेलं असू शकतं.

होडी

आमच्याकडच्या होड्यांचे काठ उंच. पाय चालणाऱ्यालाही पाण्यातून चढता येत नाही, तर आम्हाला कुठून येणार? शिडीचा उपयोग नाही. काकांनी यावर तोड काढली. जाड दोऱ्याच्या जुन्या जाळ्याचा एक पन्ना होडीच्या काठाला बांधायचा आणि पाण्यात सोडायचा. माणूस त्या जाळ्यावर आडवा येतो, दोघं वरून जाळं ओढतात, आणि तो गुंडाळला जात आपोआप होडीत घरंगळतो. मासा कसा येतो तसा. पहिल्यांदा मी केलं तेव्हा काका म्हणाले, "सुरमय मोठी गावली." हे आधी उथळ पाण्यात, सगळ्यांनी, हसत-खेळत करून बघा. गरज पडेल तेव्हा शिकायला वेळ नसतो. आणि पोहणाऱ्याजवळ येताना इंजिन पूर्ण बंद, वल्ह्यावर या. नुसतं गिअर काढून भागत नाही, पंखा फिरत राहू शकतो.

काही झालंच तर

फोनमध्ये १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसाठी आणि १५५४ तटरक्षक दलासाठी, हे तीन नंबर काठावरच्या माणसाकडे. मोठा दवाखाना म्हणजे ओरोसचं जिल्हा रुग्णालय, तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे पहिला तास आपल्याच हातात, हे धरून चालायचं. बुडालेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर छाती दाबण्याआधी तोंडानं पाच वेळा श्वास द्यायचा, मग तीस दाब, दोन श्वास. निदान दोघांनी हे नीट शिकून घेतलेलं असावं, वाचून नाही.

पाण्यानं खोल समुद्राकडे ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झुंजू नका. पायांत ताकद असलेल्यांना आडवं पोहा म्हणून सांगतात. आम्हाला ते जमेलच असं नाही. आम्ही बोया धरून पाठीवर पडायचं, हात वर करायचा, होडीची वाट बघायची.

जेलीफिश लागली तर चोळू नका, वाळू लावू नका, गोड्या पाण्यानं धुऊ नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं काढा. पाकटीच्या काट्याला सोसवेल तितकं गरम पाणी बरं असतं. पण संवेदना नसलेल्या पायाला "सोसवेल तितकं" म्हणजे किती हे त्या माणसाला कळणारच नाही. पाणी दुसऱ्यानं आपल्या हातावर बघायचं. शेकताना भाजलेले पाय मी पाहिलेत.

बाहेर आल्यावर

गोड्या पाण्याचे चार कॅन बरोबर ठेवा, दोन माणसासाठी, दोन सामानासाठी. माणसाला टॉवेल, कोरडे कपडे आणि गूळ-शेंगदाणे. कपडे बदलायला आडोसा हा बायकांचा मोठा प्रश्न असतो, आणि व्हीलचेअरवरच्या बाईचा दुप्पट. आम्ही चार बांबू आणि दोन जुन्या नऊवारींची चौकट करतो, आत खुर्ची आणि मदत करणारी एक जण मावेल इतकी. किनाऱ्यावर संडास असतो तिथे दारच दोन फुटांचं आणि आत दोन पायऱ्या. २०१६चा कायदा खेळाच्या जागा अपंगांना वापरता याव्यात असं सांगतो. आम्ही अर्ज दिलाय. पावती जपून ठेवली आहे, तिसऱ्या वर्षाची.

सामानाचं राहिलं. कॅलिपर किंवा कृत्रिम पाय घालण्याआधी अंगावरचं मीठ पूर्ण धुवा. खुंटावर, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर, मिठाचा थर राहिला की कृत्रिम पायाच्या साच्यात घासून फोड येतो आणि मग आठवडा घरात बसावं लागतं. खुर्चीची चाकं गोड्या पाण्यानं धुऊन पुसून, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब. कुबडीचं रबर काढून आतली वाळू झटकायची, ती आत राहिली तर घरच्या फरशीवर घसरते. माझी एकदा स्वयंपाकघरात घसरली होती. समुद्रात काही झालं नाही, हात मोडला तो तिथे.